चाळीसपर्यंत

गुलमर्गची तारीख आली तेव्हा
आमच्याकडे दुसरी वेचणी चालू होती.
पुढच्या खोलीत कापूस, आढ्यापर्यंत;
माझी स्की ठेवायला जागा नव्हती,
ती मागे गेल्या सालच्या पऱ्हाट्यांना टेकून उभी.
येणारेजाणारे विचारत, हे कोणतं अवजार वो?
पेरणीचं काय?

दोन हिवाळे मी दाबून सपाट केलेल्या उतारावर शिकले.
या वेळी दोरीच्या पलीकडे जायचं आहे,
जिथे कुणी झेंडी लावत नाही
आणि कोणत्या थरावर कोणता थर बसलाय
ते आपलं आपण खणून पाहायचं.

सामान तीनच: छातीला बांधायचं बीकन,
घडीची लांब सळई, फावडं.
बीकन दोन. एक माझं, हप्त्यावरचं,
एक नागपूरच्या पायल बिसेनचं, मागून आणलेलं.

भावानं ते कापसात पुरलं.
मी बाणाच्या मागे मागे; आकडा उतरत गेला,
बारा, सात, तीन, एक,
आणि हात कोपरापर्यंत अलगद आत.
तीन मिनिटं. भाऊ टाळ्या वाजवतो.
बाबा दारातून म्हणाले,
"कापसात जीव गुदमरते, सुकेशनी,
पण कापूस फावड्याले अडवत नाही. चाल."

बाबांनी एकवीस वर्षं खाणीत डंपर चालवला.
गावाच्या उत्तरेला दिसतो तो डोंगर कुठल्या देवाचा नाही,
ओबीचा आहे: कोळशावरून खरवडलेली माती,
त्यातल्या कितीतरी खेपा त्यांच्या.
तीसच्या वरचा उतार सरकतो, असं मला शिकवलेलं.
बाबांनी खालूनच डोळे बारीक केले: चौतीस.
मोजलं. तेहतीस.

जुन्या टोकाला, जिथे आता बाभळी आल्यात,
त्यांनी बीकन डब्यात घालून पुरलं,
वर दोन घागरी पाणी ओतलं, पायानं तुडवलं.
"आता काढ."

सुटून आलेला बर्फ थांबला की असाच होतो,
सिमेंटसारखा.
दोन मिनिटांत सळई टकटकली.
खणायला चौदा.
पुस्तकात एक आलेख आहे:
दहा मिनिटांनंतर रेघ कड्यासारखी खाली येते.

पुढचे नऊ दिवस खणत राहिले.
वरून सरळ नाही, उताराच्या खालच्या अंगानं, आडवं,
माती मागे ढकलत.
नवव्या दिवशी सहा. तळहाताला फोड,
आणि आई म्हणाली, "एवढ्यात तं विहीर झाली असती."

त्या संध्याकाळी परतताना बाबांनी सांगितलं:
रात्री पाऊस होऊन गेलेला, सकाळची पाळी,
कडेला बोटभर भेग दिसली.
"मी गाडी नेली नाही.
साहेब बोलला, पोट्टे हासले, रोजी कापली."
"मग? कोसळलं?"
"नाही ना. काहीच झालं नाही.
बाकीच्यायनं दिवसभर तिथूनच खेपा मारल्या."
चपलेतला बाभळीचा काटा उपसत ते थांबले.
"तरी तो दिवस मी चांगल्यातच धरतो."

वहीत मी लिहून ठेवलं होतं:
वारा कुठून, रात्रीत किती पडला,
आधी कोण उतरणार, कोण उभं राहून बघणार.
त्याखाली एक ओळ वाढवली:
भेग दिसली तर हसू द्यायचं.

निघायच्या पहाटे बाबा फाटकात, दुसरं बीकन हातात.
टोळी निघताना एकजण असाच उभा राहतो,
एकेकानं पुढून जायचं,
यंत्र बोलतंय की मुकं आहे ते कळतं.
मीच शिकवलेलं त्यांना.
मी चालत गेले. मागून मोठ्यानं आकडे,
"सात… अठरा… एकतीस…"
पंचशीलाच्या झेंड्यापाशी "चाळीस",
मग काही नाही.

वळून पाहिलं तर ते यंत्राच्या पाठीवर थापा मारत होते,
जुन्या रेडिओला मारतात तशा.

मला मागे यावंच लागलं.
ते बीकनही न्यायचं होतं, पायलचं.
"एकतीस," ते म्हणाले. "अठरा. सात.
दोन.

जाय आता."